केसांना दही लावताना

ईद जवळ आली की आपल्या घरांत मेंदी भिजते. तिच्यात चहाचे पाणी पडते, लिंबू पडते आणि हमखास दोन चमचे दहीही पडते. नुसत्या मेंदीने केस कोरडे होतात, दह्याने ते मऊ राहतात, हे दादी-नानींनी अनुभवावरून ओळखले होते. पुढे मेंदी नसतानाही दही केसांना लागू लागले. आज कॉलेजात जाणाऱ्या मुलीपासून नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेपर्यंत, केसांची तक्रार केली की घरातून पहिला सल्ला मिळतो, "दही लाव."

सल्ला वाईट नाही. वाटीभर दह्याला फार खर्च येत नाही आणि ते घरातच असते. पण या एका वाटीकडून आपण नेमकी काय अपेक्षा करतो, ते एकदा नीट समजून घेतले पाहिजे. आम्हाला या लेखात एवढेच सांगायचे आहे : दही हे केसांची निगा राखण्याचे साधन आहे, केस गळण्याचे औषध नाही. हा फरक न कळल्यामुळे अनेक घरांत इलाजाचे मोलाचे महिने वाया जातात.

दही नेमके काय करते?

आपला केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याच्यावर कौलारू छपरासारखे खवले दिसतात. एकावर एक नीट बसलेली कौले जशी पाणी आत येऊ देत नाहीत, तसे हे खवले केसाला जपतात. अंगाच्या साबणाने केस धुतले की हे खवले उचलले जातात, कारण साबण क्षारयुक्त असतो. त्यातून विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी असेल तर साबणाचा चिकट थर केसांवर बसतो. केस राठ होतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात.

दह्यात लॅक्टिक आम्ल असते. दह्याचा हा सौम्य आंबटपणा उचललेले खवले पुन्हा खाली बसवायला मदत करतो. दह्यातील स्निग्ध भाग केसांवर पातळ थर देतो, त्यामुळे कंगवा सहज फिरतो. टाळूवरची सुटलेली कोरडी सालेही भिजून निघतात. केस मऊ लागणे, चमकणे आणि कमी तुटणे हा दह्याचा खरा फायदा आहे.

पण दह्यातील प्रथिने केसाच्या आत शिरून नवा केस घडवत नाहीत. त्यांचे कण त्यासाठी फार मोठे असतात. केस वाढतो तो त्वचेखालच्या मुळातून, आणि त्या मुळाला अन्न पोहोचते रक्तातून. टाळूवर जे दिसते तो केस निर्जीवच असतो. म्हणून दही लावून केस दाट झाले असे वाटते तेव्हा बहुधा केस तुटायचे थांबलेले असतात, नवे उगवलेले नसतात.

लावण्याची पद्धत

साध्या दुधाचे घरी विरजलेले ताजे दही घ्यावे. साखर किंवा फळाचा स्वाद घातलेले विकतचे दही नको. खांद्यापर्यंतच्या केसांना अर्धी वाटी पुरते, लांब केसांना एक वाटी. दही फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावे, चांगले फेटावे आणि गाठी राहत असतील तर तलम कापडातून गाळून घ्यावे.

पहिल्यांदाच लावणार असाल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून पाहावे. खाज सुटली किंवा पुरळ उठले तर हा उपाय आपल्यासाठी नाही. टाळूवर जखम, फोड किंवा चीर असेल तेव्हाही दही लावू नये.

गुंता काढून केसांचे चार भाग करावेत. आधी टोकांना आणि मधल्या लांबीला दही लावावे, उरलेले टाळूवर हलक्या बोटांनी चोळावे. वीस ते तीस मिनिटे पुरेशी होतात. रात्रभर ठेवून जास्त गुण येत नाही, वास मात्र येतो. धुताना पाणी साधे किंवा अगदी कोमट असावे. कढत पाणी ओतले तर दही फाटते आणि त्याचे कण केसांत अडकून बसतात. शेवटी सौम्य शाम्पूने केस स्वच्छ धुवावेत. आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा एवढे पुष्कळ झाले.

दह्यात रात्रभर भिजवलेल्या मेथीची पेस्ट मिसळायला हरकत नाही, तिच्या बुळबुळीतपणामुळे केस आणखी मऊ होतात. खाण्याचा सोडा मात्र घालू नये. दह्याचा आंबटपणा जे काम करतो, त्याच्या नेमके उलटे काम सोडा करतो.

वेळेचाही विचार करावा. नमाजची वेळ तोंडावर असताना लेप लावायला बसू नये, धुण्याची घाई होते. जोहर आटोपल्यावर निवांत वेळ मिळतो. आणि केस पूर्ण वाळल्याशिवाय स्कार्फ बांधू नये. ओल्या केसांवर कापड आवळले की टाळू तासन् तास दमट राहते, खाज सुटते आणि वासही येतो.

कोंडा असेल तर

कोंड्यावर दही हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे आणि सर्वांत जास्त निराशाही इथेच पदरी पडते. टाळू नुसती कोरडी असेल तर दह्याने बरे वाटते. पण चिकट, पिवळसर आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो. ती बहुतेक सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि टाळूच्या तेलावर जगते. काहींच्या त्वचेला तिचा त्रास होतो. दह्याने सुटलेला कोंडा धुतला जातो, दोन दिवस बरे वाटते आणि मग तो परत येतो. अशा टाळूवर रात्रभर तेल थापणे म्हणजे त्या बुरशीला आयते जेवण वाढणे.

यासाठी केटोकोनाझोलसारखे बुरशीनाशक औषध असलेला शाम्पू मिळतो. तो लावून लगेच धुवायचा नसतो, तीन ते पाच मिनिटे डोक्यावर ठेवावा लागतो. साधारणपणे आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे तो वापरतात. आपल्याला कोणता योग्य ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

उवा-लिखांवरही दह्याचा भरवसा धरू नये. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी नियमाने फिरवणे आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच वेळी तपासणे, हेच कामाला येते.

केस गळतात तेव्हा

दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून जास्त, झुपकेच्या झुपके जाऊ लागले तर त्याचे कारण बहुधा डोक्यावर नसते, शरीरात असते.

टायफॉईड, डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. तोवर तापाची आठवणही उरलेली नसते, म्हणून दोष पाण्याला किंवा शाम्पूला दिला जातो. बाळंतपणानंतरही तीन-चार महिन्यांनी असेच होते. ही गळती सहसा आपोआप थांबते आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत केस बरेचसे भरून येतात. अशा वेळी सुनेला धीर द्यावा आणि तिच्या ताटाकडे लक्ष द्यावे.

आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षिलेले कारण म्हणजे रक्तातील लोहाची कमतरता. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. सगळ्यांना वाढून शेवटी उरलेले खाणारी आई, पाळीत जास्त रक्त जाऊनही कुणाला न सांगणारी मुलगी, अशाच स्त्रियांचा हा आकडा आहे. जिना चढताना धाप लागणे, चेहरा फिका पडणे, सतत थकवा आणि त्याच्या जोडीला केस गळणे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर आधी रक्त तपासावे. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा कमी नसावे. कधी हिमोग्लोबिन ठीक असते, पण शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो.

आहारात गोश्त, मसूर, हरभरे, पालेभाज्या, अळीव असावेत. डाळीवर लिंबू पिळले की लोह अंगी चांगले लागते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा ते अंगी लागू देत नाही, म्हणून चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे. कमतरता जास्त असेल तर नुसत्या आहाराने भागत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर जास्त केस येत असतील किंवा वजन विनाकारण वाढत असेल, तर थायरॉईड किंवा अंडाशयाच्या तक्रारी असू शकतात. रुपयाएवढी गोल चाई पडली, लहान मुलाच्या डोक्यावर खपल्या धरून केस तुटू लागले, टाळू लाल होऊन दुखू लागली, तर कोणताही लेप न लावता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. मुलांच्या डोक्यावरच्या गजकर्णाला तर पोटात घ्यायचे औषधच लागते.

झाकलेले दुखणे

आपल्या मुलींचे केस दुपट्ट्याखाली किंवा स्कार्फखाली असतात. बाहेरच्या कुणाला ते दिसत नाहीत आणि हळूहळू घरच्यांनाही दिसेनासे होतात. मुलगी बाथरूममध्ये गळालेले केस गोळा करून टाकून देते, भांग रुंदावलेला तिला एकटीलाच ठाऊक असतो. लग्नाची बोलणी चालू असतील तर ती आणखीच गप्प बसते. मग ती कुणालाही न विचारता मोबाईलवर पाहिलेले पंधरा उपाय करून पाहते. काही मुली पातळ झालेला भांग लपवण्यासाठी केस मागे ओढून घट्ट आंबाडा बांधतात. रोजच्या या ताणाने कपाळाजवळचे केस मुळापासून कमकुवत होतात आणि केसांची रेषा मागे सरकते. आंबाडा सैल आणि थोडा खाली बांधावा, स्कार्फखाली मऊ सुती टोपी घालावी, घरी आल्यावर केस मोकळे सोडावेत.

म्हणूनच आम्हाला वाटते की दह्याचा लेप मुलीने एकटीने लावू नये, आईने किंवा बहिणीने लावून द्यावा. बोटांनी एकेक भांग पाडताना टाळू दिसते. भांग रुंद झाला आहे का, कुठे चाई पडते आहे का, बोटांत किती केस येतात, हे त्या अर्ध्या तासात कळते. हातात दह्याची वाटी असताना सहज विचारता येते, "बेटा, पाळी वेळेवर येते ना? थकवा येतो का? डब्यातले सगळे खातेस ना?" समोरासमोर बसून जे ती सांगणार नाही, ते पाठ करून बसल्यावर कदाचित सांगेल.

उत्तर काळजीचे वाटले तर दही धुऊन टाकावे आणि त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्यावे.