स्टेरॉइडची इंजेक्शने आणि मज्जातंतूंची हानी : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. भातलावणीत दिवसभर वाकून करावे लागणारे काम, वीटभट्टीवरील ओझी आणि खोपोली परिसरातील कारखान्यांमधील श्रम यांमुळे कंबर, गुडघा, खांदा व मनगट यांची दुखणी येथील श्रमजीवी वर्गाला नवी नाहीत. अशा दुखण्यांवर स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने अनेकदा लवकर आराम मिळतो. मात्र त्यानंतर हातापायाला बधिरता आल्यास ‘सुईने शीर गेली’ अशी भीती व्यक्त होते. ही भीती कितपत सार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हानीची कारणे :
योग्य जागी दिलेल्या इंजेक्शनाने मज्जातंतूस कायमची इजा होणे विरळ आहे. इजा होते ती प्रामुख्याने तीन प्रकारे. पहिला प्रकार म्हणजे सुई प्रत्यक्ष मज्जातंतूत शिरणे. मॅकिनन व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत औषध तंतूच्या बाहेर राहिल्यास हानी झाली नाही. आत गेल्यास मात्र तंतूचा ऱ्हास झाला. त्यात डेक्सामेथासोनने हानी कमी, तर हायड्रोकॉर्टिसोन व ट्रायमसिनोलोनच्या एका प्रकाराने अधिक झाली. दुसरा प्रकार नितंबात चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनाचा. तेथील सायटिक मज्जातंतूस धक्का बसल्यास पाऊल लुळे पडू शकते. येथे दोष औषधापेक्षा जागेचा असतो. तिसरा प्रकार मणक्यातील इंजेक्शनाचा. काही स्टेरॉइडमधील सूक्ष्म कण रक्तवाहिनीत शिरून मज्जारज्जूचा रक्तपुरवठा रोखू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये अशा दुर्मीळ परंतु गंभीर परिणामांविषयी इशारा दिला.

संरक्षक तेच औषध :
याच औषधाची दुसरी बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे. कुष्ठरोगात शरीराच्या प्रतिक्रियेमुळे मज्जातंतू सुजतो, तेव्हा तो वाचविण्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडच तोंडाने दिले जाते. भारताने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण साधले, म्हणजे दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण असे प्रमाण गाठले. तथापि रोग नाहीसा झालेला नाही. म्हणून हाताची बधिरता प्रत्येक वेळी सुईमुळेच आली असे मानणे चुकीचे ठरते. कुष्ठरोग, मधुमेह व ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांचाही शोध घेतला पाहिजे. निदानाविना वारंवार स्टेरॉइड घेतल्यास मूळ रोगाची लक्षणे झाकली जातात आणि मधुमेही रुग्णाची साखर वाढते.

काळाचे महत्त्व :
सुई टोचताना विजेसारखी कळ हातापायात उतरली, तर इंजेक्शन तत्काळ थांबविणे आवश्यक असते. नंतर बधिरता वा दुबळेपणा राहिल्यास तपासणी लांबवू नये. तुटलेला तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. नितंबापासून पिंडरीच्या स्नायूंपर्यंतचे अंतर लक्षात घेता वर्षाहून अधिक काळ लागतो. तोपर्यंत स्नायू क्षीण होतात. रोजंदारीवर जगणाऱ्या कातकरी वा ठाकर कुटुंबाच्या दृष्टीने लुळे पाऊल म्हणजे केवळ वैद्यकीय व्यंग नव्हे, तर बुडालेली मजुरी होय. दूरच्या वाडीतून तपासणीसाठी येण्यातही एक दिवसाचे काम जाते.

समारोप :
तात्पर्य, स्टेरॉइड हे विष नव्हे आणि रामबाणही नव्हे. औषधाचे नाव, ते देण्याची जागा व संभाव्य धोके यांची नोंद चिठ्ठीवर मराठीत मिळणे हा रुग्णाचा हक्क मानला गेला पाहिजे. या परिसरातील महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ‘कोणती सुई, कशासाठी आणि कोठे?’ हे तीन प्रश्न विचारण्याची सवय रुजविल्यास अनाठायी भीती व अनाठायी विश्वास या दोहोंना आळा बसेल.