शिरपामाळ, दोन केटी आणि आमचा रूममेट

दिवाळीच्या सुट्टीत रूममेटच्या घरी जव्हारला गेलो होतो. त्याने शिरपामाळ दाखवला. सुरतेच्या स्वारीवर जाताना १६६४ साली शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच दिला, म्हणून हे नाव, असं सांगतात. पठ्ठ्याने गोष्ट अशी रंगवली की ऐकतच राहिलो. म्हटलं, हेच लिहून दे मॅगझिनला. तर गडी एकदम गप्प.

रात्री बोलला. ध आणि घ, भ आणि म यांत अजून गोंधळ होतो. एक पान वाचायला आपल्या तिप्पट वेळ. घरी वारली बोलतात, त्यामुळे शाळेत सगळ्यांनी 'मराठी कच्चं' म्हणून विषय संपवला. इथे आल्यावर 'इंग्रजी कच्चं'. व्हायवात वर्गात पहिला, थिअरीत दोन केटी!

इथेच फसगत होते. भाषा नवी असेल तर शब्दच माहीत नसतो, तो सरावाने येतो. डिस्लेक्सियात शब्द माहीत असतो, ऐकला की लगेच कळतो, पण अक्षर आणि आवाज यांची सांगड सावकाश बसते. बुद्धीचा इथे संबंध नाही. दोन्ही अडचणी एकाच मुलात असल्या, की पहिलीच्या मागे दुसरी लपते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता दोन्ही आहेत. (एडीएचडीचं नाव यादीत वेगळं नाही, हे मला खटकतं.) केंद्राच्या सूचनांप्रमाणे पात्र विद्यार्थ्याला ३ तासांच्या पेपरला किमान १ तास जादा मिळतो. त्यासाठी सरकारी तपासणी आणि दाखला लागतो. तो म्हणतो, "दाखला काढला की हॉस्टेलभर शिक्का बसेल." ही भीती आपणच घातलेली आहे ना? मेसमध्ये 'ढ' कोण म्हणतं?

तोवर आमचं चाललंय. मी नोट्स मोठ्याने वाचतो, तो मोबाईलवर रेकॉर्ड करतो. माझाही अभ्यास होतो, हा फुकटचा फायदा. सरांना एकच विनंती, वर्गात उभं करून वाचायला लावू नका आणि जर्नलच्या सूचना तोंडीही सांगा.

हा लेख त्याला विचारूनच लिहिलाय. नाव नको म्हणाला. सोमवारी तपासणीला जायला तयार झालाय, मी सोबत जाणार. दोघांचं प्रॅक्टिकल बुडेल, सर, आधीच सांगून ठेवतो.