रेल्वेप्रवाशाचे हक्क (भाग 6) : छोटी गाडी रद्द, मोठी गाडी वेळेवर

मध्य प्रदेशातील बालाघाटहून मुंबईला जाणाऱ्यांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. पॅसेंजरने चाळीसेक किलोमीटरवरचे गोंदिया गाठायचे आणि तिथून विदर्भ एक्सप्रेस धरायची. पुणे-कोल्हापूरकडे जाणारा महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसतो. या दोन्ही गाड्या गोंदियातूनच सुटतात. अडचण येते ती आधीच्या चाळीस किलोमीटरांत. बॅगा घेऊन स्टेशनात शिरल्यावर समजते की आजची पॅसेंजर नाहीच. मग राजेगावमार्गे रस्त्याने धावपळ. मध्य प्रदेशात राज्य परिवहन महामंडळ केव्हाच गुंडाळले गेले, त्यामुळे खासगी बस मिळाली तर ठीक, नाहीतर टॅक्सीवाला सांगेल तो भाव.

गाड्या रद्द का होतात, हे आधी पाहू. बालाघाटवरून जाणारी सातपुड्याची रेल्वे 1903 ते 1905 या काळात नॅरोगेज म्हणून उभी राहिली आणि शंभरावर वर्षे गोंदिया-जबलपूर रमतगमत धावली. आता ब्रॉडगेजमुळे जबलपूर-चांदा फोर्ट, रीवा-इतवारी अशा लांबच्या गाड्याही बालाघाटवरून जातात. पण गोंदिया हावडा-मुंबई मार्गावर आहे, आणि तो मार्ग कोळशाचा, लोखंडाचा, सिमेंटचा. राजनांदगाव ते नागपूर तिसऱ्या मार्गाचे काम निघाले तेव्हापासून ‘ब्लॉक’, म्हणजे कामासाठी मार्ग काही काळ बंद ठेवणे, हा शब्द इथल्या प्रवाशांच्या तोंडी बसला आहे. 2022 च्या उन्हाळ्यात वीज केंद्रांना कोळसा कमी पडला, तेव्हा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने प्रवासी गाड्याच थांबवल्या. छत्तीसगडचे तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. मार्ग मोकळा करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड पॅसेंजरवर पडते. तिला राखीव डबे नसतात आणि तिच्या प्रवाशांची यादीही रेल्वेकडे नसते. आरक्षण असलेल्याला निदान मोबाइलवर संदेश येतो. स्वस्तातले साधे तिकीट काढणाऱ्याला कोण कळवणार?

आता पैशांकडे वळू. तिकिटाचा परतावा आणि नुकसानीची भरपाई यांची लोक नेहमी गल्लत करतात, आणि अर्ज चुकीच्या दारात जातो.

परताव्याचे नियम नोव्हेंबर 2015 पासून लागू आहेत आणि ते बऱ्यापैकी प्रवाशाच्या बाजूचे आहेत. गाडी पूर्ण रद्द झाली तर ई-तिकिटाचे सगळे भाडे आपोआप खात्यात परत येते, कोणताही अर्ज लागत नाही. वेबसाइटने घेतलेले सुविधा शुल्क मात्र गेलेच समजा. खिडकीवरचे तिकीट असेल तर ते गाडी सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपासून तीन दिवसांच्या आत खिडकीवर जमा करावे लागते. इथे एक सावधगिरी हवी. गाडी रद्द होणार अशी कुणकुण लागली की घाईघाईने स्वतःच तिकीट रद्द करू नका. रेल्वेची घोषणा होण्याआधी तुम्ही रद्द केले तर नेहमीची कपात होते. गाडी अर्ध्या वाटेवर थांबवली, म्हणजे जबलपूरची गाडी समजा नैनपूरलाच संपवली, तर परतावा आपोआप येत नाही. त्यासाठी टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरावा लागतो.

उशिराचा नियम लोक अर्धाच वाचतात. तुम्ही जिथे चढणार त्या स्टेशनावर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्हाला जायचे नसेल, तर पूर्ण भाडे परत मिळते, तत्काळचेही. मात्र गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर भरायचा किंवा तिकीट खिडकीवर द्यायचे. गाडी वेळेवर सुटली आणि मुंबईला सहा तास उशिरा पोहोचली, तर या नियमात तुमच्यासाठी एक पैसाही नाही. आयआरसीटीसीने चालवलेल्या लखनौ-दिल्ली तेजसमध्ये 2019 पासून तासाच्या उशिराला शंभर आणि दोन तासांच्या उशिराला अडीचशे रुपये मिळत. ती योजनाही 2024 मध्ये बंद झाली.

बालाघाटकरांची खरी गोची सुरुवातीच्या उदाहरणात आहे. पॅसेंजर रद्द झाली आणि विदर्भ एक्सप्रेस गोंदियातून वेळेवर निघून गेली. रेल्वेच्या हिशेबी दुसऱ्या गाडीचा दोष नाही, त्यामुळे त्या तिकिटाचा परतावा नाही. 2019 पासून दोन पीएनआर जोडून घेण्याची सोय आहे. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे भाडे त्यातून मिळते. पण पीएनआर आरक्षित तिकिटालाच असतो. पॅसेंजरच्या तिकिटाला जोडणार काय? नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दोन एक्सप्रेस होत्या, छोट्या गावाची पॅसेंजर नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा वेळी उरतो ग्राहक कायदा. त्याला बळ मिळाले सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2021 च्या निकालाने. राजस्थानातील एक प्रवासी जून 2016 मध्ये अजमेर-जम्मू एक्सप्रेसने कुटुंबासह निघाला होता. सकाळी आठच्या सुमारास पोहोचणारी गाडी जवळजवळ चार तास उशिरा पोहोचली आणि श्रीनगरचे दुपारी बाराचे विमान हुकले. टॅक्सी करावी लागली, आधी केलेले बुकिंग वाया गेले. अलवरच्या जिल्हा मंचाने टॅक्सीचे 15,000, बुकिंगचे 10,000 आणि मनस्ताप व दावाखर्चाचे प्रत्येकी 5,000 रुपये द्यायला लावले. रेल्वे थेट दिल्लीपर्यंत लढली. गाडी वेळेवर पोहोचवण्याची हमी आम्ही देतच नाही, असे तिचे म्हणणे होते. न्या. एम. आर. शहा आणि न्या. अनिरुद्ध बोस यांनी ते मानले नाही. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने सिद्ध करावे, नाहीतर भरपाई द्यावी, असा त्या निकालाचा गाभा आहे.

हा निकाल उशिराचा आहे, रद्द गाडीचा नाही, पण युक्तिवाद तोच चालतो. कारण सांगण्याचे ओझे रेल्वेवर आहे. दाट धुके, पूर, अपघात, आंदोलन असेल तर तुमची बाजू पडेल. आठ दिवस आधी वर्तमानपत्रात ब्लॉकची यादी छापून आली असेल तरीही पडेल. न सांगता रद्द केलेल्या गाडीचीच केस खरी उभी राहते.

न सांगता रद्द केली हे दाखवायचे कसे? स्टेशनात उभे असतानाच रेल्वेच्या एनटीईएस या चौकशी सेवेवरील गाडीच्या स्थितीचे चित्र वेळेसह मोबाइलमध्ये टिपून ठेवा. 139 या रेल्वेच्या हेल्पलाइनवर किंवा रेल मदद अ‍ॅपवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक हा तारीखवार पुरावा होतो. टॅक्सीचे भाडे रोख न देता मोबाइलवरून द्या. पॅसेंजरचे तिकीट आणि हुकलेल्या गाडीचे आरक्षण, दोन्ही जपा. नंतर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात दोनच गोष्टी विचारा : गाडी रद्द करण्याचा आदेश कोणत्या तारखेला व वेळेला निघाला, आणि कारण काय. आदेश आदल्या दिवशी निघालेला असेल आणि बालाघाटच्या प्रवाशांना सकाळी कळले असेल, तर वकिलाच्या भाषणापेक्षा तो कागद जास्त बोलतो.

पत्ता नीट लिहा. नागपुरात रेल्वेचे दोन विभाग आहेत, एक मध्य रेल्वेचा आणि एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. बालाघाट दुसऱ्यात येते, आणि त्या रेल्वेचे मुख्यालय बिलासपूरला आहे. नुसत्या भाड्याच्या परताव्याचा वाद असेल तर तो रेल्वे दावा न्यायाधिकरणाचा विषय आहे. टॅक्सी, हुकलेले विमान, बुडालेली परीक्षा, मनस्ताप यांसाठी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे बालाघाटकराला बिलासपूर गाठायची गरज नाही. अशा लहान तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

आता व्यवहाराचे बोलू. किरकोळ रकमेच्या तिकिटासाठी वर्षभर खेटे घालण्यात अर्थ नाही, आणि मी कुणाला तसा सल्ला देणार नाही. नागपूरच्या दवाखान्यातली वेळ हुकली, मुलीची परीक्षा बुडाली, विमान गेले, तर मात्र सोडू नका. त्याच दिवशी अडकलेले आणखी कोणी भेटले तर त्यांचे फोन क्रमांक घ्या. समान तक्रार असलेल्या अनेक प्रवाशांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार दाखल करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. तक्रारीचा मसुदा कसा लिहायचा, ते पुढच्या आठवड्यात.