बारीक अंगकाठी आणि घराण्याचा फालिज

वर्गातला एक मुलगा आठवडाभर शाळेत आला नाही, म्हणून आम्ही वरळी कोळीवाड्यात त्याच्या घरी गेलो. त्याचे अब्बा अंथरुणावर होते. वय बेचाळीस, अंगकाठी सडपातळ. सकाळी चहा पिताना हातातला कप पडला, तोंड वाकडे झाले. घरच्यांना वाटले, वारा लागला. तेल चोळण्यात दुपार झाली.

"इतका बारीक माणूस, याला बीपी-शुगर कुठून असणार?" मुलाची अम्मी म्हणाली. कधी तपासले होते का, या प्रश्नावर सारे गप्प. दादी उसासा टाकून म्हणाल्या, "याचे अब्बाही असेच गेले. घराण्यातच फालिज आहे, नशीब!"

हे दोन्ही समज आपल्या घराघरांत आहेत, म्हणून हा लेख.

आधी बारीकपणाचे पाहू. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, निर्देशांक 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2 टक्के! आपल्याकडे ही चरबी पोटाभोवती साचते. मग इन्सुलिनचे काम मंदावते, रक्तातली साखर आणि चरबी वाढते, रक्तवाहिन्या खराब होतात. म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजावी. पुरुषांची 90 आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर सावध व्हावे.

आता घराण्याचे. एकाच जनुकामुळे येणारा फालिज दुर्मीळ असतो. बहुतेक वेळा अनेक जनुके थोडाथोडा हातभार लावतात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासात, आई किंवा वडिलांना पासष्टीच्या आत झटका आला असेल, तर मुलांना त्या वयापर्यंत धोका सुमारे तिप्पट आढळला. पण 32 देशांतील इंटरस्ट्रोक अभ्यासाने दाखवले, की सुमारे 90 टक्के झटक्यांमागे दहा बदलता येण्याजोगी कारणे असतात. त्यांत रक्तदाब सर्वांत पुढे. मधुमेह, तंबाखू, आहार आणि बैठे जीवनही आहे. जनुके बदलता येत नाहीत, पण बीपी उतरवता येतो.

गाफील राहण्याची किंमत मोठी आहे. डॉ. पी. एम. दलाल यांनी 2005-06 मध्ये मुंबईत केलेल्या पाहणीत पहिल्यांदाच झटका आलेले 456 रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे 30 टक्के 28 दिवसांत दगावले.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: झटका कोणाला आला, कोणत्या वयात? असा इतिहास असेल तर तिशीपासून दरवर्षी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासा. सुकी मासळी, लोणचे, पापड यांतले मीठ आवरा. मिश्री-तंबाखू सोडा. गोळ्या मनाने बंद करू नका. रमजानपूर्वी त्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यांतले एक जरी दिसले तरी घड्याळ पाहा आणि 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. तेल, पाणी, गोळी काहीही देऊ नका.

निघताना आम्ही त्या मुलाच्या वहीत दोन ओळी लिहून घेतल्या: दादांचे वय, अब्बांचे वय. तिसरी ओळ कोरी ठेवली. ती कोरीच राहावी, ही दुआ. पण दुआबरोबर तपासणीही हवी.