प्रथिनाच्या घडणीवरून त्याच्या कार्याचा तर्क

जिंतूर तालुक्यांत, येलदरीच्या आसपास काळ्या जमिनींत कापूस लावणाऱ्या शेतकरी बंधूंस गुलाबी बोंडअळीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. बीटी कापसास भारतांत २००२ सालीं परवानगी मिळाली. २००६ सालीं दोन प्रथिनांचें बियाणें आलें. तरीही २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं त्याच कपाशीच्या बोंडांत अळी सांपडली. प्रथिन तेंच असतां गुण कां आला नाहीं ? ह्याचें उत्तर प्रथिनाच्या घडणींत शोधावें लागतें, व ती घडण वाचणारीं संगणकाचीं साधनें आतां निघालीं आहेत. त्यांचा आवांका व मर्यादा समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लरूपी वीस प्रकारच्या मण्यांची लांब माळ होय. ही माळ विशिष्ट रीतीनें दुमडते, व त्या आकारावर तिचें कार्य अवलंबून असतें. माळ्यावर एखादें अनोळखी जुनें अवजार सांपडलें, तर पातें व मूठ पाहून तें कापण्याचें कीं खणण्याचें, हें आपण ताडतों. शास्त्रज्ञही प्रथिनांविषयीं हेंच करितात.

बीटीचेंच उदाहरण घेऊं. ह्या वर्गांतील, भुंगेरे मारणाऱ्या एका प्रथिनाची घडण १९९१ सालीं क्ष-किरणांच्या साह्यानें उलगडली. तींत तीन भाग आढळले. पहिला भाग जंतूंच्या आवरणास छिद्र पाडणाऱ्या एका प्रथिनासारखा दिसला. त्यावरून तो अळीच्या आतड्यास छिद्र पाडीत असावा, या तर्कास बळकटी आली. पुढें १९९६ सालीं बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं फणसाच्या आठळींतील जॅकलिन ह्या प्रथिनाची घडण प्रसिद्ध केली. जॅकलिन साखरेस चिकटतें. आणि बीटी प्रथिनाचा दुसरा भाग घडणीनें त्याच्याशीं मिळताजुळता आहे. आतड्यास धरून ठेवण्याचें काम ह्याच भागाकडे मुख्यतः असल्याचें प्रयोगांनींही दिसून आलें. फणस व कपाशीवरील अळी यांचा संबंध असा घडणीनें जुळला !

अशा तुलना हातानें करणें आतां शक्य नाहीं. प्रथिनांच्या घडणींचा जागतिक संग्रह १९७१ पासून चालू असून त्यांत दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत. डॅली व फोल्डसीक हीं साधनें नव्या घडणीशीं मिळत्याजुळत्या जुन्या घडणी शोधून देतात. डीपएफआरआय हें साधन कोणतें कार्य किती संभवनीय, तें आंकड्यांत सांगतें. घडणच ठाऊक नसेल, तर अल्फाफोल्ड केवळ मण्यांच्या क्रमावरून तिचें अनुमान करितें. त्या कामाबद्दल डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांस २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांत वाटा मिळाला.

परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. पिंपाच्या आकाराचीं प्रथिनें अगदीं भिन्न भिन्न कामें करितात; उलट मोक्याचा एकच मणी बदलला, तर आकार जवळजवळ तोच राहूनही कार्य बंद पडूं शकतें. शिवाय प्रथिनाचें कार्य दुसऱ्या पक्षावरही अवलंबून असतें. गुलाबी अळीच्या आतड्यांतील कॅडहेरिन नांवाच्या ज्या प्रथिनास बीटीचें पहिलें प्रथिन चिकटतें, तेंच प्रतिकारक अळ्यांत बदललेलें आढळलें. किल्ली तीच, पण कुलूप बदललें ! केवळ किल्लीचा आकार पाहून संगणकास हें कळलें नसतें. तें शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांच्या तपासणींतूनच कळलें.

म्हणून संगणकानें शोधलेलें नवें बियाणें वा औषध कोणी आणलें, तर घाबरूं नये व भुलूंही नये. त्याची शेतांत चांचणी कोठें व किती हंगाम झाली, हें विचारावें; परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाची शिफारस पाहावी. बीटीभोंवतीं साध्या कपाशीच्या ओळी लावाव्या, म्हणजे प्रतिकार न शिकलेले पतंग शिल्लक राहून त्यांचा संकर होतो. कामगंध सापळ्यांत लागोपाठ तीन रात्रीं प्रत्येकीं आठ पतंग सांपडले, तर उपाय हातीं घ्यावा. फरदड घेऊं नये. वेंचणी संपतांच पऱ्हाट्या काढून टाकाव्या. संगणक तर्क सांगतो. त्याची सत्यता शेवटीं शेतच ठरवितें.