घोड्यांची लांब पल्ल्याची वाहतूक : मान मोकळी, श्वास मोकळा

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी घोडेबाजार भरतो. पंजाब, राजस्थान, गुजरात आदी राज्यांतून घोडे मालमोटारींनी तेथे आणले जातात. पंजाबातून येणारी वाट तर हजार किलोमीटरांहून लांब असते. अशा प्रवासानंतर एखादा घोडा चारा सोडतो, त्याला ताप भरतो व नाकातून स्राव वाहू लागतो. ‘थंडी बाधली’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु या आजाराचे एक प्रमुख कारण प्रवासात आखूड बांधलेले दावे हे असते.

घोडा केवळ नाकाने श्वास घेतो. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ व जिवाणू श्वासनलिकेतील चिकट स्रावात अडकतात. चरताना घोड्याची मान बराच काळ खाली असल्याने हा स्राव सहज बाहेर पडतो. गाडीत मात्र घोड्यांनी एकमेकांना चावू नये म्हणून त्यांचे डोके उंच बांधले जाते आणि ही नैसर्गिक सफाई थांबते. ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत, डोके उंच बांधलेल्या निरोगी घोड्यांच्या श्वासनलिकेतही 6 ते 12 तासांत जिवाणूयुक्त स्राव साचल्याचे आढळले. त्यात कोरड्या चाऱ्याची धूळ, मूत्रातून निघणारा अमोनिया व पाण्याची कमतरता यांची भर पडल्यास फुप्फुसे व त्यांच्या आवरणाचा दाह होतो. यालाच ‘शिपिंग फीवर’ म्हणतात. उपचारास विलंब झाल्यास तो प्राणघातक ठरू शकतो.

प्राणी वाहतूक नियम, 1978 अन्वये एका मालमोटारीत चार ते सहा घोडेच न्यावेत, तळ घसरडा नसावा, प्रत्येक दोन घोड्यांमध्ये बांबूचा आडोसा असावा आणि वेग ताशी 35 किलोमीटरांहून अधिक नसावा, असे बंधन आहे. या वेगाने हजार किलोमीटर अंतरास केवळ चालण्याचेच 28 तासांहून अधिक लागतात. म्हणजेच मुक्काम न करता घोडा सुरक्षित पोहोचविणे शक्य नाही.

आखूड दाव्याचा आणखी एक तोटा आहे. मान हलविता न आल्याने घोड्यास माश्या झटकता येत नाहीत. गोमाश्या एका जनावराचे रक्त पिताना अडथळा आल्यास लगेच शेजारच्या जनावरास चावतात आणि सर्रा रोगाचे परजीवी वाहून नेतात. दाटीने उभ्या घोड्यांत हा धोका वाढतो. म्हणून मुक्कामाची जागा शेणखताच्या ढिगांपासून व पाणथळीपासून दूर असावी.

मोतद्दाराने दावे इतके सैल ठेवावे की घोड्यास मान छातीखाली नेता येईल; मात्र पाय अडकण्याइतके ते लांब नसावे. चारा ओला करून द्यावा. दर काही तासांनी गाडी थांबवून पाणी पाजावे व लीद काढावी. रात्री घोडे उतरवून जमिनीवरच चारा द्यावा. काही मिनिटांच्या विसाव्याने साचलेला स्राव निघत नाही. प्रवासापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. पोहोचल्यावर तीन दिवस सकाळ-सायंकाळ ताप मोजावा. विश्रांतीतही तो 38.5 अंश सेल्सिअसहून अधिक असल्यास घोड्यास बाजारात न उभे करता पशुवैद्यकास बोलवावे.