शेवटचा राक्षस किती अवघड असावा?

आमच्या भाच्याने सुट्टीत ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम खेळायला घेतला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने तो 2020 मध्ये आणला. पळवून नेलेल्या भावाला, गोलूला, शोधणाऱ्या राजीच्या हाती दुर्गेचा त्रिशूळ आणि विष्णूचे धनुष्य येते. समोर असतो राक्षस महाबलासुर.

अशा मोठ्या शत्रूला गेमच्या भाषेत ‘बॉस’ म्हणतात. बॉस म्हणजे जणू वार्षिक परीक्षा: आतापर्यंत शिकवलेलेच विचारायचे, फक्त सगळे एकदम. म्हणून चांगला बॉस वार करण्यापूर्वी इशारा देतो. हात मागे जातो, जमीन चमकते. त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात खेळाडूने बाजूला उडी मारायची. इशारा लांबवला की लढाई सोपी, आखडला की अवघड. नुसती शत्रूची ताकद दुप्पट केली, तर लढाई अवघड होत नाही, कंटाळवाणी होते. हरल्यावर पुन्हा कुठून सुरुवात करायची, हाही काठिण्याचाच भाग.

मोठ्या कंपन्या शेकडो जणांकडून गेम खेळवून हे आकडे जुळवतात. छोट्या चमूला ते परवडत नाही. शिवाय स्वतःचा गेम हजारदा खेळून त्यांचा हात इतका बसलेला असतो, की अवघडही सोपे वाटते. 2018 च्या ‘सेलेस्ट’ या गेमने यावर तोडगा काढला: गेमचा वेग खेळाडूनेच कमी करावा.

भाचा सातव्यांदा हरला, आणि म्हणाला, “चूक माझीच होती.” तोल साधला, तो इथेच.